कमरेला .32 बाळगायचं आहे आणि घरात दोन लहान मुली आहेत. रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल?

कापूसवाला_पारोळा

राम राम मंडळी.

मी पारोळा तालुक्यात कापसाची खेडा खरेदी करतो. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज सकाळी बोलेरो काढायची, गावोगाव काटा लावायचा, संध्याकाळी जिनिंगला माल टाकायचा आणि अंधारात घरी यायचं. माप झालं की शेतकऱ्याला पैसे हातात लागतात. त्यामुळे जवळ रोकड असते, आणि ती असते हे गावभर माहीत असतं. दोन वर्षांपूर्वी एरंडोल सोडल्यावर दोन मोटारसायकली आडव्या घातल्या. मी गाडी तशीच रिव्हर्स मारली म्हणून वाचलो. काच फुटून हाताला सहा टाके पडले. तक्रार दिली, मग लायसनचा अर्ज केला. पोलीस चौकशी झाली, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतलं, आणि सव्वा वर्षानं मागच्या आठवड्यात लायसन हातात आलं. हद्द महाराष्ट्रापुरती.

आता अडकलोय ते हत्यार कुठलं घ्यावं इथं. समोर दोन पर्याय आहेत. एक कानपूरचं नवं .32 रिव्हॉल्व्हर. दुसरं धुळ्यातल्या एका ओळखीच्यांकडचं त्यांच्या वडिलांचं जुनं बेल्जियम बनावटीचं .32 पिस्तूल. चपटं आहे, शर्टाखाली अजिबात दिसत नाही, किंमतही बरी सांगतात. हातात घेतल्यावर मन त्याच्यावरच गेलं, हे खरं सांगतो.

पण घरात थोरली सात वर्षांची, धाकटी चार वर्षांची. लायसन आल्याचं सांगितल्यावर माझी माय एवढंच बोलली, "भाऊ, तुन्या पोरी धाकल्या शेतस." त्या रात्री मला झोप नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) दीड महिन्यावर आहे. दोन्ही बहिणी माहेराला येतील, घरात सात-आठ पोरं असतील, गोदड्यांच्या घडीत, माळ्यावर, कोठीमागं सगळीकडं लपाछपी चालते. पोरांच्या हाती लागणार नाही अशी जागा आमच्या घरात नाहीच.

तर विचारायचं असं, की कमरेला लावून दिवसभर गाडी चालवायची, आपल्या हातून चुकून सुटायला नको, पोरांच्या हाताला लागायला नको, असं असेल तर काय घ्यावं? ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगावं.

सातपुडा_72

भाऊ, पिस्तूलच घ्या. चपटं असतं, कमरेला टोचत नाही, गोळ्याही जास्त. रिव्हॉल्व्हरचं गोळ्यांचं गोल फिरतं सिलिंडर शर्टावर फुगवटा आणतं, शंभर पावलांवरून ओळखू येतं. जमलं तर 9 एमएम बघा, .32 मध्ये जोर नाही.

वरणगावचे_तात्या

पहिल्यांदा 9 एमएमचं मिटवतो. 9 एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) येतं, साध्या लायसनवर मिळत नाही. कुणी "जमवून देतो" म्हणालं तर त्याच्या दारातही उभे राहू नका. सातपुड्यापलीकडून गावठी कट्टे येतात आणि आपल्याकडची पोरं त्यात आत जातात, ते आपण रोजच्या पेपरात वाचतो. विनापरवाना हत्याराला शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं कैद आहे. आणि त्या नळीचा भरवसा काय? समोरच्याआधी धरणाऱ्याचाच हात जायचा.

आता तुमचा प्रश्न. भाऊ, मी वरणगावच्या आयुध निर्माणीत नोकरी केली. काडतूस म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी जे माझ्या हातून झालं ते सांगतो. ते वाचा आणि मग धुळ्याच्या पिस्तुलाचं ठरवा.

1998 ची गोष्ट. माझ्याकडे लायसनचं .32 पिस्तूल होतं. केळीच्या मळ्यावरून रात्री घरी आलो, लाइट गेलेली. कंदिलाच्या उजेडात पलंगावर बसून पिस्तूल रिकामं करायला घेतलं. नियम असा की आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी काढायची, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग ओढायचा. त्या दिवशी हातानं उलटं केलं. आधी स्लाइड ओढली. नळीतली गोळी उडून गोधडीवर पडली, ती मी डोळ्यानं पाहिली, उचलून खिशात घातली. पण मॅगझिन आतच होतं. स्लाइड पुढं जाताना तिनं दुसरी गोळी नळीत भरली. मग मी मॅगझिन काढलं. एका हातात मॅगझिन, खिशात गोळी, मनात पक्कं की पिस्तूल रिकामं झालं. आतला ताण उतरवायला भिंतीकडं तोंड करून चाप ओढला.

भिंत म्हणत होतो ती लाकडी फळ्यांची होती. फळीपलीकडं स्वयंपाकघर. गोळी फळीतून गेली आणि पत्र्याच्या कोठीत घुसली. माझ्या कानात नुसती शिट्टी. कंदील उचलून आत गेलो तर कोठीला करंगळीएवढं भोक, आणि त्यातून दादरची धार लागलेली. पांढरी ज्वारी जमिनीवर सांडत होती, मला तिचा आवाज येत नव्हता. चुलीपुढं बायको बसलेली, हातात अर्धी थापलेली भाकर. तिच्या खांद्यापासून ती कोठी दोन हातांवर. ती काही बोलली नाही. उठली, पदराचा बोळा केला आणि कोठीच्या भोकात कोंबला.

ती कोठी अजून आहे. भोकावर डाग लावून घेतला, पण डाग दिसतो.

म्हणून मी तुम्हाला रिव्हॉल्व्हर सांगेन. रिव्हॉल्व्हर सुरक्षित असतं म्हणून नाही, तर दिवसभराच्या थकलेल्या माणसाला ते भरलंय की रिकामं हे डोळ्यानं दिसतं म्हणून. उघडलं की गोळ्यांची सहा घरं समोर. एक एक घर बघा, वर अंधारात बोटाचं टोक फिरवून बघा. पिस्तुलात नळीतली गोळी लपलेली असते आणि मॅगझिन काढलं की मन म्हणतं झालं रिकामं. चूक तिथंच होते, आणि ती शिकलेल्याच्याच हातून जास्त होते.

दुसरं चापाचं. रिव्हॉल्व्हरचा घोडा (मागची ठोकणारी हातोडी) खाली असेल तर चाप लांब आणि जड ओढावा लागतो, नुसत्या धक्क्यानं सुटत नाही. पण घोडा बोटानं मागं चढवला की तोच चाप एकदम हलका होतो. चढवलेला घोडा गर्दीत, थरथरत्या हातानं खाली उतरवताना पुष्कळ जणांच्या हातून गोळी सुटलेली आहे. म्हणून घोडा चढवून मिरवायचं नाही. आणि पोरांबद्दल मनात भ्रम ठेवू नका. सात वर्षांच्या मुलीला एका बोटानं जड चाप ओढवणार नाही असं आपल्याला वाटतं, पण पोरं हत्यार उलटं धरतात, दोन्ही अंगठे घालून ओढतात. तेव्हा तोंड त्यांच्याच छातीकडं असतं. जड चाप हे पोरांपासून संरक्षण नाही. कुलूप हेच संरक्षण.

धुळ्याचं पिस्तूल: जुन्या बेल्जियन पिस्तुलांचं काम सुरेख असतं, नाही म्हणत नाही. पण ते किती वर्षं कुणाच्या कपाटात तेलाशिवाय पडलं होतं? सेफ्टीची खिट्टी झिजलेली असते, स्प्रिंगा मऊ पडलेल्या असतात. जुन्या बनावटीच्या पुष्कळ पिस्तुलांत फायरिंग पिनला (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सुईला) अडवणारा भाग नसतो, म्हणजे नळीत गोळी असताना हातातून फरशीवर पडलं तर सुटायची भीती. आता यावर कुणी म्हणेल नळी रिकामी ठेवून बाळगा. ठेवता येते, घरात लहान पोरं असणाऱ्यानं ठेवावीच. पण मग वेळेला स्लाइड ओढायला दोन्ही हात लागतात, आणि तुमचा एक हात स्टेअरिंगवर किंवा पैशाच्या पिशवीवर असणार. ज्या कामासाठी घेताय ते काम त्यातून होत नाही. आणि सुटा भाग मोडला तर मिळणार कुठं?

रिव्हॉल्व्हर घेताना दुकानदाराला एवढं नक्की विचारा, की चाप ओढल्याशिवाय घोडा पिनपर्यंत पोहोचू नये अशी अडवण आत आहे का. असेल तर सहाही घरं भरा. नसेल किंवा तो गोंधळून उत्तर देत असेल, तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच भरा.

अजून एक, काडतुसांचं. दुकानात रिव्हॉल्व्हरच्या गोळीलाही .32 म्हणतात, पिस्तुलाच्या गोळीलाही .32 च. पण रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, पिस्तुलाचं आखूड. पिस्तुलाची गोळी काही रिव्हॉल्व्हरांत जाऊन बसते देखील, पण ती त्यासाठी नाही. डबीवरचं पूर्ण नाव वाचून घ्या, आणि पहिल्या दिवशी एक गोळी हातात घेऊन डोळ्यानं ओळखून ठेवा.

कापूसवाला_पारोळा

तात्या, कोठीचं वाचून बायकोला वाचून दाखवलं. ती स्वयंपाकघरात जाऊन आमची कोठी कुठं आहे ते बघून आली.

पिस्तुलाचा विषय संपला. धुळ्याला फोन करून नाही सांगितलं. आता बाळगायचं कसं ते सांगा. बोलेरोत बेल्ट लावून बसलं की कमरेची वस्तू मांडीत रुततेय. आणि एप्रिल-मेमध्ये जळगावला पारा 45 ला टेकतो, अंगात एक सुती शर्ट सहन होत नाही, त्याच्याखाली लोखंड कसं झाकायचं?

पंपवाली_ताई_धुळे

भाऊ, मी बोलते. हायवेला आमचा पेट्रोल पंप आहे. मालक गेल्यापासून सहा वर्षं मीच बघते. रात्रीचा गल्ला मीच बँकेत नेते, म्हणून लायसन घेतलं. माझ्याकडं हलकं .32 रिव्हॉल्व्हर आहे.

आधी वजनाचं, कारण दुकानात सगळे हलकं-हलकं म्हणून दाखवतात. कानपूरचं निर्भीक 2014 साली बायकांसाठी म्हणून आणलं, अर्धा किलोच्या आसपास. .22 चं निडर तर पाव किलोचं. कमरेला बरं वाटतं. पण हलकं हत्यार हातात जास्त उसळतं, आणि उसळलं की दुसरी गोळी कुठं जाईल सांगता येत नाही. तुमचा पंजा मोठा असेल, अंगात ताकद असेल, तर थोडं जडच घ्या. 2023 मध्ये प्रबल आलंय, सातशे ग्रॅमच्या आसपास, त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. तात्या म्हणतात तशी सहा घरं समोर येतात.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी रिव्हॉल्व्हर पर्समध्ये ठेवायचे. पर्स खांद्याला, म्हणजे आपल्याजवळच, असं वाटायचं. शिरपूरला भाचीच्या हळदीला गेले. हळद लावायला बसताना पर्स सहज बाजूच्या बाईकडं दिली, "धर गं जरा." अर्ध्या तासानं वळून बघते तर पर्स तिच्या नातवाच्या मांडीवर. पोरगं आतून माझा चष्मा काढून डोळ्याला लावून बसलं होतं. चष्म्याच्या खालच्या कप्प्यात रिव्हॉल्व्हर. माझे पाय गळाले. हळद तशीच अंगावर ठेवून उठले आणि घरी आले. लोक म्हणाले, राग आला का हिला कशाचा. कुणाला काय सांगणार.

तेव्हापासून ते एक तर माझ्या अंगाला, नाही तर कुलपात. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नाही, सीटखाली नाही, उशीखाली तर कधीच नाही. उन्हात उभ्या गाडीत काडतुसं भाजून काढायची नाहीत आणि गाडी सर्व्हिसिंगला दिली की आतलं सामान पोरं बघतातच.

होल्स्टर कापडी मऊ घेऊ नका. बाजारात दोनशे-तीनशेचे मिळतात, त्यांचं तोंड हत्यार काढलं की चेपतं, आणि परत घालताना ती घडी चापात अडकते. आपण दाबतो तसा चापही दबतो. कडक चामड्याचं किंवा कडक प्लास्टिकचं, चाप पूर्ण झाकणारं, हत्यार काढल्यावरही तोंड उघडं राहणारं घ्या. खाली रुंद जाड पट्टा लागतो, साध्या पट्ट्यावर ते कलतं. आणि परत घालताना बघून, सावकाश घाला. काढायची घाई असते, घालायची कधीच नसते.

गाडीत बसायचं असेल तर उजव्या कुल्ह्याच्या जरा पुढं, म्हणजे सीटबेल्टचं कुलूप डावीकडं राहतं आणि हात मोकळा. पोटापुढं लावू नका, बसल्यावर नळीचं तोंड मांडीकडं येतं. उन्हाळ्यात शर्ट एक माप मोठा, सुती, गडद चौकड्याचा, बाहेर सोडलेला. पांढऱ्या मलमलीत सगळं दिसतं. खिशात ठेवायची वेळ आलीच तर त्या खिशात दुसरं काही नाही, किल्ली नाही, सुटे पैसे नाहीत.

आणि घाम. आमच्याकडं मेमध्ये संध्याकाळपर्यंत चामडं ओलं होतं. रात्री रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून बाहेर काढूनच ठेवा, चामड्यात राहिलं की पंधरा दिवसांत गंजाचे ठिपके येतात. सुती फडक्यानं पुसायचं, तेलाचा हात नुसता फिरवायचा. तेल ओतू नका. काडतुसाच्या बुडात तेल शिरलं तर वेळेला गोळी पेटत नाही.

वरणगावचे_तात्या

ताईंनी तेलाचं बरोबर सांगितलं.

कुलपाचं मी सांगतो. गोदरेजच्या कपाटातला आतला कप्पा म्हणजे कुलूप नव्हे, त्याची किल्ली घरातल्या प्रत्येकाला माहीत असते. लहान स्टीलची तिजोरी आणा आणि ती भिंतीत चार बोल्ट मारून बसवा. विटेच्या भिंतीत, मातीच्या नाही. काडतुसं दुसऱ्या कुलपात. किल्ली घरात ठेवायचीच नाही, तुमच्या करदोड्याला किंवा गळ्यात. आकड्यांची तिजोरी असेल तर पोरींचा वाढदिवस आकडा म्हणून ठेवू नका, सात वर्षांची पोर पहिला तोच दाबते.

घरात आल्यावर रिकामं करायचं ते रोज एकाच जागी. भिंतीला वाळूनं भरलेला डबा किंवा पोतं ठेवा, तोंड त्याच्याकडं. पोरं जागी असताना नाही, फोन कानाला लावून नाही, कुणी हाक मारली तर आहे तिथं थांबून, मग पुन्हा पहिल्यापासून. चाप ओढून बघायची गरजच नाही.

आणि थोरलीला दाखवा. लपवून ठेवलं की पोरं शोधतात. रिकामं करून, तुमच्या हातात धरून दाखवा आणि एवढंच शिकवा, की असं कुठंही दिसलं, आपल्या घरी की मामाच्या, तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. माझ्या पोराला मी ती कोठी दाखवून शिकवलं.

अमळनेरचा_वकील

दोन-चार गोष्टी कायद्याच्या, कारण यात माणसं हत्यार नीट सांभाळूनही अडकतात.

2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. म्हणजे शर्टाखाली ठेवणं ही हौस नाही, नियमच आहे. लग्नात, वरातीत कुणी "काढा की भाऊ एकदा" म्हणालं तर हात जोडा. आनंदाच्या गोळीबाराला शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

तुमची हद्द महाराष्ट्राची. कापसासाठी सेंधवा-बऱ्हाणपूरला जाणं होत असेलच. मध्य प्रदेशची हद्द ओलांडली की तुमचं लायसन तिथं चालत नाही. ज्या दिवशी तिकडं जायचं त्या दिवशी हत्यार तिजोरीत. सण-उत्सवात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1) चे शस्त्रबंदीचे आदेश निघतात, ते बघत जा. निवडणुकीत जमा करायची नोटीस आली तर पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या. जुनं हत्यार विकत घ्यायचं ठरवलं असतं तरी ते दोघांनी परस्पर देण्या-घेण्याचं काम नव्हतं, लायसन देणाऱ्या कार्यालयाला कळवूनच होतं. हरवलं तर त्याच घटकेला ठाण्यात.

आता मुख्य. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाची आहेत. जबरी चोरीत जिवाची भीती असेल तर हक्क मोठा आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. चोर पिशवी टाकून पळाला, धाक संपला, तिथं तुमचा हक्कही संपला. पाठीत मारलेली गोळी कोर्टात समजावता येत नाही. तुम्ही एरंडोलला गाडी रिव्हर्स मारली, तेच तुमचं सगळ्यात चांगलं हत्यार होतं, अजूनही आहे. माझ्या अशिलांना मी सांगतो, रोकड कमी करा. निम्म्या शेतकऱ्यांचे पैसे आता खात्यावर जातात. उरलेल्यांना सांगून बघा, चार हंगामांत सवय लागते.

सातपुडा_72

तात्या, 9 एमएमचं मला माहीत नव्हतं. माझा वरचा सल्ला मागं घेतो.

कापूसवाला_पारोळा

सगळ्यांचे आभार. सांगतो काय ठरलं.

आधी तिजोरी, मग हत्यार. आज जळगावला जाऊन बघून आलो, बोल्टची जागा असलेली मिळाली. आमची मागची खोली विटेची आहे, परवा मिस्त्री येतोय. मायला जागा दाखवली. तिनं भिंतीवर हात ठेवून बघितला आणि म्हणाली, "जरासी वर बसाड." म्हणून टाचा उंचावूनही थोरलीचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर खूण केली.

रिव्हॉल्व्हर बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचंच घेणार, पण आखाजीनंतर. बहिणींची पोरं परत गेली की. तोपर्यंत बाजाराची रोकड कमी करतोय, या आठवड्यात अकरा शेतकरी खात्यावर पैसे घ्यायला तयार झाले.

तात्या, एक विनंती. हत्यार आलं की एक रविवार तुमच्याकडं येऊ का? रिकामं करायची सवय तुमच्यासमोर हाताला लावून घ्यायची आहे.

वरणगावचे_तात्या

या. पारोळ्याहून भुसावळपर्यंत या, तिथून मी घ्यायला येतो. काडतुसं घरी कुलपात ठेवून या. आणि सूनबाईंना घेऊन या, हिला त्यांना कोठी दाखवायची आहे.